दाबल्या आगीवरचं पाणी

ताप उतरला, पण भागाबाईच्या जिभेवरची चव काही परत आली नाही.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या गल्लीत ताप घरोघर फिरून गेला होता. कुणाचे सांधे धरले, कुणाचे केस गेले. भागाबाईची चव गेली. सुरुवातीला ती समोर येईल ते गिळत होती. मग म्हणायला लागली, भाकरी काय नि खापराचा तुकडा काय, सारखंच. मग तेही म्हणेनाशी झाली. ताट आलं की ती तोंड भिंतीकडे करायची. तिचा नवरा आधार ताट उचलायचा, झाकून ठेवायचा, आणि संध्याकाळी तेच अन्न स्वतः खायचा.

एक दिवस शेजारच्या ताईबाईने वरण आणून दिलं. घाईत तिच्याकडून मीठ दोनदा पडलं होतं. आधारला पहिल्याच घासाला ठसका लागला. भागाबाईने मात्र त्यातले दोन चमचे शांतपणे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"खारं लागलं का?" आधारने विचारलं.

"मले काई लागत नाई," ती म्हणाली.

तेव्हा आधार पहिल्यांदा घाबरला. मिठाच्या खड्यासारखं वरण, आणि हिच्या कपाळाला आठीसुद्धा नाही.

दुसरीही एक गोष्ट त्याच्या मनात सलत होती. भागाबाई जळगावजवळच्या असोद्याची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासूने 'आहे'साठी तिच्या तोंडी असलेल्या 'हाये'चं इकडचं 'शे' करून घेतलं होतं, आणि गेली सगळी वर्षं ती या घरात धुळ्याकडची बोलीच बोलत आली होती. आजारात ती बोली गळून पडली. आता ती असोद्याच्या मुलीसारखी बोलायची. खाटेवर पडून डोळे अर्धे मिटून कुणाकुणाला हाका मारायची. केळीच्या बागेत पाणी सोडलं का विचारायची. आधार शेजारी बसलेला असायचा, पण ती ज्या गावात होती तिथे आधार अजून आलेलाच नव्हता.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने स्पष्ट सांगितलं, "आबा, औषधाचं काम संपलंय. आता पोटात अन्न जायला हवं. आठवडाभरात जेवायला लागल्या नाहीत तर सोमवारी भरती करू. सलाईन लावू."

भरती हा शब्द भागाबाईने ऐकला. तिची थोरली बहीण अशीच अन्न टाकून भरती झाली होती, ती चालत घरी आली नाही. भागाबाईने आधारचा हात धरला. हाताला जोर नव्हता, पण तिने तो सोडलाही नाही.

"मले तिथं नेऊ नका," ती म्हणाली.

मुलगा धम्मपाल सुरतेला कारखान्यात होता. त्याने फोनवर सांगितलं, रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन पोचतो, सोमवारी आईला दवाखान्यात नेऊ. आधार 'बरं' म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याच आठवड्यात एका सकाळी पांझरा नदीवरून धुकं चढून गल्लीत आलं होतं. समोरचं घर दिसत नव्हतं. आधार दाराशी चहा घेत उभा होता. मागून भागाबाईचा आवाज आला.

"मायनं पानी ठेवलं का चुलीवर?"

आधार वळला. तिचे डोळे मिटलेले होते.

"कसलं पानी?"

"कोंबडीचं. मले वास येऊ रायला."

बाहेर नुसतं धुकं होतं आणि कुणाच्या तरी बंबाचा धूर. पण त्या दिवसांत भागाबाईने स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. आधारने चहाचा कप खाली ठेवला.

कोंबडीचं पाणी म्हणजे रस्सा नव्हे. रस्सा खानदेशात कुणालाही येतो. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजायचं, वाटायचं, वर बोटभर तर्री आणायची. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की करणारा खूश. भागाबाईचं पाणी निराळं. त्यात काळा मसाला नाही, मिरची नाही, तेलाचा थेंब नाही. गल्लीत कुणी बाळंत झालं, कुणाला काविळीनंतर अन्न जाईना, की माणसं बगलेत कोंबडी घेऊन भागाबाईच्या दारात यायची. ती सकाळी पातेलं ठेवायची आणि दुपारी वाटी द्यायची. सोनेरी, स्वच्छ पाणी. पितळी वाटीच्या तळाला कोरलेलं नाव त्यातून वाचता यायचं. ती तसं वाचून बघायची आणि मगच वाटी हातात द्यायची. वाचता आलं नाही तर ते पाणी घरच्यांनी प्यायचं, आजाऱ्याला नाही. हा तिचा नेम होता.

हे तिने कुणाला शिकवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. सून शिल्पा नोकरी करायची, तिच्याकडे कुकर होता. आणि आधार, तो त्या वेळी गिरणीत असायचा.

गिरणीतली सगळी वर्षं आधारने आग सांभाळली. त्याआधी पोरवयात तो दोंडाईच्याला मिरचीच्या वखारीत पोती उचलायचा. तिथे माणूस शिंकायला लागला की मुकादम हसायचा आणि म्हणायचा, शिंक, शिंक, नाक पक्कं होतं. आधारचं नाक पक्कं झालं, डोळे कायमचे लालसर राहिले. मग तो धुळ्याला आला आणि एका गिरणीत बॉयलरवर फायरमन म्हणून लागला. फावड्याने कोळसा मारायचा, भट्टी पसरायची, राख ओढायची, नजर वाफेच्या दाबाच्या काट्यावर ठेवायची. काटा खाली आला की वर कारखान्यात यंत्रं मंदावायची आणि शिव्या खाली यायच्या. काटा वर असला की आधार कोण आहे हे कुणाला आठवायचंही नाही. त्याला ते आवडायचं. काम नीट चाललं असलं की काम करणारा दिसत नाही, असं तो म्हणायचा. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्याने भट्टी स्वतःच्या हाताने साफ केली. पुन्हा पेटणार नाही हे माहीत असूनही राखेचा कणसुद्धा आत ठेवला नाही.

असा हा माणूस. त्याने घरात कधी चूल पेटवली नव्हती. आग त्याला येत होती, स्वयंपाक येत नव्हता.

"ताईबाई," तो कुंपणाजवळ जाऊन म्हणाला, "एक कोंबडी पाह्यजे."

ताईबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. विधवा बाई, तोंडाने फटकळ, हाताने मोकळी. "कोणी पाहुणा येतोय का आबा?"

"हिच्यासाठी. पानी करतो."

"कोण करतो?"

"मी."

ताईबाईने दाण्यांचं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही? तुम्हाला चहात साखर आधी घालतात का दूध, ते तरी माहीत आहे का?"

"तू शिकव मग."

"मला ते पाणी येत नाही ना. मी केलं तर त्याचा रस्सा होतो. हात मसाल्याच्या डब्याकडे आपोआप जातो." ती जरा थांबली. "वहिनीला विचारा. अर्धवट झोपेत का होईना, बोलतात ना त्या? विचारत राहा."

तिने एक तलंग धरून दिली, कोवळी, अजून अंड्यावर न आलेली. कापूनही दिली. पिसं काढणं, जाळावर धरून लव जाळणं, हळद चोळून धुणं हे आधारने स्वतः केलं. पिसांचा एकेक खुंट चिमट्याने उपटला. पातेलं राखेने घासलं, आतून आणि बाहेरून. बाहेरून घासायची गरज नव्हती, जाळावर ते काळंच होणार होतं. पण अर्धं घासलेलं भांडं त्याला बघवत नव्हतं.

मग तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेला. गल्ल्यावर सुगनबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान हस्तीमल सकाळी मंदिरात जायचे, तेवढा वेळ दुकान त्यांचं. कांदा-लसूणही न खाणारं घर.

"मिरे द्या थोडे. आणि आलं. तमालपत्र."

"काय करताय आधारभाऊ?"

"काढा."

सुगनबाईंनी मिरे मोजताना मान वर केली नाही. "काढ्यात तमालपत्र?"

"गावाकडची पद्धत शे."

"बरं." त्यांनी पुडी बांधली. "आमच्याकडे मांस शिजत नाही भाऊ, पण नाक सगळ्यांनाच दिलंय देवाने. भागाबहन तो काढा करायच्या ना, तेव्हा मी दुकानाचं हे बाजूचं दार लावून घ्यायची. आणि आज बरेच दिवस झाले, लावावं लागलं नाही." मग त्यांनी बडीशेपेची एक छोटी पुडी वर ठेवली. "ही त्यांच्या तोंडात टाका. चव नसली तरी चघळू देत."

घरी येऊन आधारने खाटेजवळ स्टूल घेतलं. "भागा. पानी कसं करतात?"

त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ती झोपेतून बोलावी तशी बोलली, "गार पान्यात टाका."

"हां. मग?"

"ढवळू नका."

"मग?"

"मासा हाये त्याच्यात."

"मासा? कोंबडीच्या पान्यात?"

"तोंड उघडतो... बंद करतो... मायनं दाखवला मले." आणि ती हसली, पण त्याच्याकडे बघून नाही. छताकडे, कुणा न दिसणाऱ्या बाईकडे बघून हसली.

आधारने स्टूल मागे सारलं. गार पाणी, ढवळायचं नाही, हे त्याने लक्षात ठेवलं. मासा त्याने सोडून दिला. तापाने शिणलेलं डोकं आहे, काहीही बोलणार.

परसात विटांची चूल मांडली. शेजारी पऱ्हाटीचा भारा पडला होता. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या अशा पेटतात की जाळ पातेल्याच्या कडेवरून वर चढतो. आधारला बऱ्याच वर्षांनी आग हाती लागली होती. त्याने चुलीचं तोंड भरलं, फुंकलं, काड्या आत सारल्या, पुन्हा भरलं. बघता बघता पाणी खळखळलं. झाकण नाचायला लागलं. वाफेचा लोट आंब्याच्या फांद्यांत शिरला. आधारच्या पाठीतून घाम उतरला आणि त्याला बरं वाटलं. वाफ आहे म्हणजे काम चाललंय. काटा असता तर लाल रेघेला टेकला असता. पाणी आटलं की त्याने आणखी ओतलं आणि आणखी जाळ केला. दुपारपर्यंत तो एक क्षण बसला नाही.

मांस हाडांवरून गळून पडलं तेव्हा त्याने पाणी गाळलं, पितळी वाटीत घेतलं, आत नेलं. तिला उशीला टेकवून बसवलं.

भागाबाईने वाटी घेतली नाही. नुसतं आत पाहिलं. पाणी पांढुरकं, गढूळ. तळाचं नाव तर सोडाच, तळच दिसत नव्हता.

"हे धुन्याचं पानी हाये," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

आधार वाटी घेऊन उभा राहिला. मग परसात जाऊन ओट्यावर बसला आणि ते पाणी स्वतः प्याला. वाईट नव्हतं. पण तोंडात काही राहतही नव्हतं. एवढा जाळ, एवढी धावपळ, आणि घोट उतरला की मागे काही नाही. कुठे गेलं सगळं? त्याने वर पाहिलं. आंब्याच्या पानांवर वाफेचे थेंब जमले होते आणि त्यांतून कोंबडीचा, आल्याचा, तमालपत्राचा वास येत होता. जे वाटीत असायला हवं होतं ते झाडावर होतं.

संध्याकाळी धम्मपालचा व्हिडिओ फोन आला. मागे शिल्पा भाजी निवडत होती.

"आबा, काय करताय?"

"बसलोय."

"आई जेवली?"

"नही."

"पाकिटातलं सूप मिळतं की. गरम पाण्यात टाकायचं, झालं."

"पाकिटात कोंबडी मावते का?"

मागून शिल्पा हसली. "आबा, कुकरला लावा ना. चार शिट्ट्या करा, मऊ होतं."

"पोरी, काटा नसलेला बॉयलर घरात कसा ठेवता तुम्ही लोक," आधार म्हणाला, "मला तर त्याची शिट्टी ऐकली की पळावंसं वाटतं."

दोघंही हसली. मग धम्मपाल हसायचा थांबला. "रविवारी येतो आबा. तिला सांगून ठेवा." फोन बंद झाला. आधारने सांगितलं नाही.

शनिवारी ताईबाई स्वतःच कुंपणाशी आली. "झालं का पाणी?"

"बिघडलं."

"मला कळलंच होतं. एवढा धूर! मला वाटलं गिरणी परत सुरू झाली." आधार हसला नाही, तेव्हा तिचा आवाज उतरला. "काय म्हणाल्या वहिनी?"

"धुन्याचं पानी."

"मग चव नसली तरी नजर शाबूत आहे त्यांची." ताईबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खुराड्याकडे गेली आणि एक थोराड, पिसं विरळ झालेली कोंबडी उचलून घेऊन आली. ती कोंबडी तिच्या हातावर मांजरीसारखी बसली होती. "ही घ्या. म्हातारी आहे. अंडं देणं कधीच सोडलंय. पण सकाळी मी ओट्यावर दिसले नाही तर ओरडत दारापर्यंत येते."

"ही नको ताईबाई. हिच्यावर तुझा जीव शे."

"राकेशच्या बाळंतपणात माझ्या अंगात रक्त राहिलं नव्हतं आबा. तेव्हा वहिनींनी पाणी पाजलं होतं. त्यांनी तेव्हा म्हटलं होतं मला, तलंगीचं पाणी नुसतं पाणी असतं, म्हातारीच्या हाडांत दम असतो. मला त्या दिवशी आठवलं नाही. की आठवलं, पण हिच्यापायी विसरल्यासारखं केलं." ती कोंबडीच्या मानेवरून बोट फिरवत होती. "फक्त तुम्हीच कापा. मी घरात जाते."

रविवारी सकाळी पुन्हा धुकं होतं. आधारने सगळं नव्याने केलं. खुंट उपटले, हळद लावली, हाडं दगडाने ठेचली, पातेलं घासलं. गार पाण्यात कोंबडी ठेवली. वर आलं, मिरे, एकच तमालपत्र. मग तो चुलीपाशी बसला आणि पऱ्हाटीची मोळी हातात घेऊन तसाच थांबला.

मासा तोंड उघडतो, बंद करतो.

त्याने वर आंब्याकडे पाहिलं, जिथे गेल्या वेळी सगळा वास गेला होता, आणि मोळी बाजूला ठेवली. परसाच्या कोपऱ्यात बाभळीचं एक जुनं खोड होतं. ते फोडून त्याने चार ढलप्या काढल्या, पेटवल्या आणि जाळ बसेपर्यंत वाट पाहिली. निखारे झाले. ते त्याने चुलीच्या एका बाजूला ओढले, त्यांवर गोवरीचा चुरा टाकला आणि चुरा राखेने झाकला. चुलीच्या तोंडाशी वीट आडवी लावली, बोटभर फट ठेवून. हात हे सगळं करत होते. डोकं मागून येत होतं. हे त्याला येत होतं. हे त्याने शेकडो वेळा केलं होतं.

गिरणीला सुट्टी असली की बॉयलर विझवायचा नसतो. गार झालेला बॉयलर पुन्हा तापवायला फार लागतं आणि पत्र्यावर ताण येतो. म्हणून आग दाबून ठेवायची. निखारे ओढायचे, वर कोळशाची ओली चुरी आणि राख थापायची, हवेची झडप बोटभर उघडी ठेवायची. आत आग जिवंत असते, पण काही करत नाही. नुसती असते. सगळा दिवस कुणीतरी जवळ थांबायचं, फार पेटू द्यायची नाही आणि मरूही द्यायची नाही. सुट्टीच्या दिवशी हे काम बहुधा आधारकडे यायचं. घरी गेल्यावर तो म्हणायचा, आज काम नव्हतं, नुसता बसून होतो. आणि भागाबाई त्याचा सदरा पिळत म्हणायची, बसून होतात तर एवढा घाम कुणाचा?

पातेल्यावर झाकण तिरकं ठेवलं. वाफ आली ती धाग्याएवढी. आधार पाट घेऊन बसला. वर फेस आला तो त्याने पळीने काढला, पळी पाण्यात न बुडवता, अलगद. ढवळलं नाही. मग काढायलाही काही उरलं नाही. आता करायचं होतं ते एवढंच की काही करायचं नव्हतं. हे सगळ्यात अवघड. पऱ्हाटी ढकलायला नुसती ताकद लागते. हात आवरायला काय लागतं ते ज्याने आवरले त्यालाच ठाऊक.

धुक्यातून ऊन आलं, पिवळसर, पातळ. पातेल्यातल्या पाण्यालाही तोच रंग यायला लागला. आतून भागाबाईचा आवाज येत होता, ती कुणाशी तरी केळीच्या बागेतल्या पाटाबद्दल बोलत होती. आधार ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याला तो पाट दिसला. पाटाच्या पलीकडे गिरणीचं आवार होतं. सुट्टीचा दिवस होता. यंत्रं गप्प. उंच छताखाली उन्हाचे पट्टे आणि त्यांत कापसाचे कण तरंगत होते, खाली येतच नव्हते. बॉयलर झोपलेल्या म्हशीसारखा श्वास घेत होता. फाटकातून एक मुलगी आली, डोक्यावर भाकरीचं फडकं. तिने विचारलं, इथं मासा हाये का? आधार म्हणाला, शे. कुठंय? तो तिला भट्टीपाशी घेऊन गेला. भट्टीत पाणी होतं, स्वच्छ, तळापर्यंत दिसणारं, आणि एक मासा हळूच वर येऊन तोंड उघडत होता, बंद करत होता. मुलगी वाकून बघत राहिली. तिचं पाण्यातलं तोंड हललं नाही, मोडलं नाही.

आधार दचकून जागा झाला. ऊन ओट्यावर आलं होतं. आग विझली. पाणी उतू गेलं. जळालं. तिन्ही गोष्टी एकदम मनात आल्या. त्याने झाकण सरकवलं.

पाणी सोन्यासारखं स्थिर होतं. एका कडेला, नेमक्या एका जागी, एक बुडबुडा वर आला, मासा तोंड उघडतो तसा उघडला आणि मिटला. बऱ्याच वेळाने पुन्हा एक.

आधारने त्या जागेकडे पाहिलं, मग घराच्या दाराकडे पाहिलं. तापाने शिणलेलं डोकं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं, आणि तिने सबंध रीत त्या एका वाक्यात सांगून ठेवली होती.

त्याने धुतलेल्या फडक्यातून वाटीपुरतं पाणी गाळलं, पिळलं नाही, आपोआप गळू दिलं. पितळी वाटी भरली. उन्हात धरली. तळाला भागाबाईचं नाव होतं, अक्षर न् अक्षर. त्याने ते वाचून बघितलं. मग आत गेला.

"भागा. उठ."

तिने डोळे उघडले. आधी वाटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाटी दोन्ही हातांनी घेतली. आधारने खालून हात लावला, पण तिने तो कोपराने दूर केला. एक घोट घेतला. तो तिने तोंडात ठेवला, गिळला नाही. आधारचं लक्ष तिच्या गळ्याकडे लागलं होतं. शेवटी गळा हलला.

तिने दुसरा घोट घेतला. आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

आधारने वाटी परत घ्यायला हात पुढे केला.

"यात मीठ कोण घालणार?" भागाबाई म्हणाली.

आधारने दारातून ओट्याकडे पाहिलं. मीठ शेवटी घालायचं म्हणून त्याने डबा ओट्यावर काढून ठेवला होता. मग झोप लागली होती. डबा अजून तिथेच होता.

"मीठ नही?" त्याने विचारलं.

"नही शे. चाखून नही का पाह्यलं?"

मीठ नाही हे तिला कळलं होतं. दोनदा मीठ पडलेलं वरण जिला कळलं नव्हतं, तिला. आणि ती त्याच्याशी बोलत होती, इथल्या घरातल्या बाईसारखी, नेहमीच्या कुरकुरीने.

"आणतो," तो म्हणाला.

"डबा आणा. तुम्ही घालू नका."

"का?"

"तुमची चिमूट म्हंजे माझी मूठ."

त्याने डबा आणला. तिने दोन बोटांत मीठ उचललं, थोडं परत डब्यात पडू दिलं, उरलेलं वाटीत सोडलं आणि वाटी हळूच गोल फिरवली. प्याली. मग आणखी. तळाचं नाव उघडं पडेपर्यंत प्याली.

"आता?" आधारने विचारलं.

"आता शे." तिने वाटी त्याच्या हातात दिली. "कोंबडी ताईबाईची म्हातारी ना? हाडांच्या दमावरून कळतं. तिला वाटी देऊन या."

"ती पिणार नही. जीव होता तिचा."

"पिईल. रडेल आणि पिईल. द्या जाऊन." ती उशीवर कलली. "आणि बाकीचं उतरवू नका. दिवे लागले की परत घेईन."

ताईबाई रडली, आणि प्याली. वाटी परत देताना म्हणाली, "बरं झालंय. पण वहिनींसारखं नाही." आधार म्हणाला, "नही." त्याला ते मान्य होतं.

घराकडे वळताना कोपऱ्यावरच्या दुकानाचं बाजूचं दार लागल्याचा आवाज त्याने ऐकला.

तो परसात आला. निखारे लालसर होते, वरची राख विरळ झाली होती. त्याने गोवरीचा आणखी चुरा टाकला, राख पसरली, वीट सरकवून फट बोटभर केली. पातेल्यावरचं झाकण तिरकं केलं. पाट ओढून बसला.

खिशातला फोन वाजला. धम्मपाल गाडीतून बोलत होता, मागे वाऱ्याचा आवाज होता. "आबा, निघालोय. नंदुरबार मागे टाकलं. आईचं काय?"

"प्याली. मीठ नही म्हणून मला बोलली."

पलीकडे गाडीची काच वर गेली, वारा थांबला. "मग तुम्ही काय करताय आता? बसलाय?"

पातेल्याच्या कडेला एक बुडबुडा आला, उघडला, मिटला. आधारने तो संपूर्ण मिटेपर्यंत पाहिला.

"कामावर शे," तो म्हणाला. "हळू ये."